संगणकाचा प्रारंभ आणि विराम

श्रोतेहो, देवळांतील दिवस काकडआरतीनें उजाडतो आणि शेजारतीनें मावळतो. दोहोंचा क्रम ठरलेला असतो. संगणकाचेंही तसेंच आहे. वीज मिळाली म्हणजे तो कामास लागला, असें आपणांस वाटतें. पण आधीं साठवणुकीच्या तबकड्या, मग जाळ्याचा संबंध, मग त्यावर विसंबणाऱ्या सेवा, असा क्रम पाळावा लागतो. बंद करतांना तोच क्रम उलटा. तो कोणीं व कसा ठरवावा, या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. या प्रणालींत 'इनिट' हें पहिलें कार्य. बाकीचीं कार्यें त्याची संतति. बर्कली विद्यापीठांत वाढलेल्या बी.एस.डी. शाखेंत इनिट मुख्यतः एकच आज्ञापत्र वरपासून खालपर्यंत चालवी. तें वाचावयास सोपें; परंतु नवी सेवा घालावयाची म्हणजे त्या मूळ पत्रासच हात लावावा लागे. बंद करतांना सर्व कार्यांना सरसकट 'आवरा' असा संदेश जाई, आणि जीं आवरत नसत त्यांचा थोड्याच वेळांत बळानें शेवट होई.

१९८३ सालीं ए.टी. अँड टी.नें बाजारांत आणलेल्या सिस्टिम-फाइव्हनें निराळी वाट धरली. प्रत्येक सेवेस स्वतंत्र पत्र मिळालें व त्यांत प्रारंभ आणि विराम या दोन्हींच्या रीती आल्या. नांवांतील 'एस' अक्षर प्रारंभाचें, 'के' विरामाचें, पुढील आंकडा क्रमाचा. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या सेवेस आपलें पान पुरें करून निरोप घेतां येऊं लागला, हा मोठाच लाभ. मात्र विसावा आंकडा तिसाव्याच्या आधीं कां, याचें उत्तर आंकडा देत नाहीं. तें मांडणाऱ्याच्या डोक्यांतच राही.

ही उणीव नेट-बी.एस.डी.नें २००० सालीं भरून काढली. 'मी काय पुरवितों' आणि 'मला आधीं काय हवें' हें प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लिहावयाचें; क्रम यंत्रानें लावावयाचा. २०१० सालीं लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनीं लिनक्ससाठीं पुढें आणलेल्या सिस्टिम-डीनें आज्ञापत्रांच्या जागीं लहान घोषणापत्रें आणलीं, आणि परस्परांवर न विसंबणाऱ्या सेवा एकदम उठूं लागल्या. वेळ वांचला, पण पूर्वीं साध्या पत्रांत ओळीनें वाचतां येणारें बरेंच काम एका मोठ्या कारभाऱ्याच्या पोटांत गेलें. म्हणूनच डेबियन मंडळींत वाद पेटला. २०१४ च्या फेब्रुवारींत तेथील तांत्रिक समितीचा कौल अध्यक्षांच्या निर्णायक मतानें सिस्टिम-डीच्या बाजूस पडला, आणि त्याच वर्षीं असंतुष्टांनीं 'डेवुआन' हा सवता सुभा मांडला.

श्रोतेहो, नुसत्या क्रमांकाच्या जागीं कारण लिहिलें गेलें, ही सुधारणा निःसंशय खरी. पण यंत्र अर्ध्या वाटेवर अडून बसतें, तेव्हां दुरुस्तीस बसलेल्या माणसास तें कारण वाचतांही आलें पाहिजे. वाद वेगाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशीं ही दुसरी गरज होती.