दुसऱ्यांदा चालवलेली स्क्रिप्ट

मागच्या दिवाळीची गोष्ट. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की अगदी शेवटचं स्टेशन गोंदिया. तिथे उतरायचं आणि आमगाववरून बसने देवरी गाठायची. एवढा लांबचा प्रवास करून घरी गेलेल्या माणसाने काय करावं? चकल्या खाव्यात, झोपा काढाव्यात. मी मामांचा सर्व्हर नीट करायला बसलो. :)

सर्व्हर हा शब्द जरा मोठाच झाला. देवरीत, जुन्या नॅशनल हायवे सहाला (आता त्याला त्रेपन्न म्हणतात, पण आमच्याकडे कोण म्हणतंय) लागून मामांचं कृषी केंद्र आहे. तिथे काउंटरखाली भंगारातून वाचवलेला एक पीसी ठेवलाय. त्यावर प्रॉक्समॉक्स, प्रॉक्समॉक्समध्ये एक लिनक्स कंटेनर आणि त्या कंटेनरमध्ये उधारीचा हिशेब ठेवणारं एक फुकटचं अ‍ॅप. हे सगळं मीच उभं केलं होतं, आणि त्यासाठी पन्नासेक ओळींची एक शेल स्क्रिप्टही लिहिली होती. मला तिचा अभिमान वगैरे होता.

आमच्या भागात धानाची शेती. रोवणीच्या वेळी शेतकरी खत-औषध उधार नेतो आणि धान निघून विकला गेला की पैसे आणून देतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास मामांचं सगळं वर्ष त्या हिशेबात अडकलेलं असतं. नेमकं तेव्हाच लाइट जाऊन आली आणि अ‍ॅप उघडेना. मी म्हटलं, हात्तिच्या, स्क्रिप्ट आहे की आपली, परत चालवू. चालवली. चार मिनिटांत अ‍ॅप झकास उघडलं. एकदम नवं, कोरं, आत एकही नाव नाही.

"काहून रे बाबू, पहिलेचं कुठं गेलं?" मामांनी विचारलं.

तर झालं असं होतं. स्क्रिप्ट लिहिताना चाचणीसाठी मी ती दहा वेळा चालवली होती, आणि दर वेळी 'हा डेटाबेस आधीच आहे' असा एरर यायचा. त्याला कंटाळून मी एक ओळ घातली: जुना डेटाबेस असेल तर काढून टाक, मग नवा बनव. ती ओळ तशीच राहिली. बॅकअप होता, पण आषाढातला, म्हणजे रोवणीच्या उधारीच्या आधीचा. लाइट नसेल त्या दिवसांसाठी मामा काउंटरवर एक कच्ची वही ठेवतात, तिच्यात थोडं सापडलं. बाकीचं गावोगाव फोन करून आणि लोकांच्या शब्दावर. बऱ्याच जणांनी स्वतःहून आकडे सांगितले. काही नोंदी कधीच परत आल्या नाहीत. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

पुण्याला परत आल्यावर दोन-तीन वीकेंड मी एवढंच वाचत बसलो होतो की ही चूक माझ्याआधी किती जणांनी केलीय. उत्तर: भरपूर. आणि मग त्याच्यामागचा इतिहासच इतका रंजक निघाला की म्हटलं लिहावंच.

सुरुवात १९७९ ला. बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात दोन गोष्टी होत्या ज्या माझ्या मते जुळी भावंडं आहेत, फक्त त्यांना ते खूप उशिरा कळलं. एक म्हणजे स्टीफन बोर्नने लिहिलेला शेल. आज आपण शेल स्क्रिप्ट म्हणतो तिचं व्याकरण मुख्यतः तिथलं. दुसरी म्हणजे सीएचरूट ही सिस्टिम कॉल. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं की बाबा रे, हा फोल्डर म्हणजेच तुझं अख्खं जग, याच्या वर काही नाही. कंटेनरचं मूळ बीज हेच. म्हणजे स्क्रिप्ट आणि कंटेनर एकाच आवृत्तीत जन्मले, आणि मग कितीतरी वर्षं आपापल्या वाटेने गेले.

शेलच्या वाटेने पाहिलं तर पुढची दहा-बारा वर्षं नुसता गोंधळ आहे. प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं, फाइलींच्या जागा वेगळ्या, कमांडचे पर्याय वेगळे. सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे हाताने मेकफाइल दुरुस्त करत बसणं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी या माणसाने ग्नू प्रकल्पात ऑटोकॉन्फ लिहिलं. ते स्वतःच एक लांबलचक शेल स्क्रिप्ट तयार करून देतं, आणि ती स्क्रिप्ट मशीनला प्रश्न विचारत बसते: तुझ्याकडे हे आहे का, ते आहे का? कॉलेजात लिनक्सवर काही कंपाइल करताना स्क्रीनवरून 'चेकिंग फॉर...' अशा ओळींचा धबधबा वाहायचा तो हाच. पुढच्याच वर्षी पॉसिक्सने शेलचंही प्रमाणीकरण केलं.

पण खरी शिस्त मला सापडली ती डेबियनमध्ये. इयन मर्डॉकने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. त्यातल्या प्रत्येक पॅकेजसोबत चार छोट्या स्क्रिप्ट असू शकतात: बसवण्याआधीची, बसवल्यानंतरची, काढण्याआधीची, काढल्यानंतरची. डेबियनच्या धोरण पुस्तिकेत या स्क्रिप्टांसाठी एक अट आहे, ती वाचून मी खुर्चीत मागे रेलून बसलो. स्क्रिप्ट अशी हवी की ती अर्ध्यात मेली आणि परत चालवली, किंवा नीट पूर्ण होऊन चुकून परत चालवली, तरी काही बिघडता कामा नये. याला इंग्रजीत आयडेम्पोटंट असा जडजंबाल शब्द आहे. मी इंजिनिअरिंगला तो परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. मामांच्या डेटाबेसवर मात्र तो लागू करायचं सुचलं नाही.

आता गंमत बघा, हे नियम लिहिलेले असूनही लोक काय काय करून बसलेत. २०११ मध्ये लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डासाठी बम्बलबी नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आलं होतं. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जुना फोल्डर उडवण्याची कमांड होती. पत्त्याच्या मधोमध चुकून एक स्पेस पडली. एका पत्त्याचे दोन झाले, आणि पहिला होता '/यूएसआर', म्हणजे सिस्टिमचे जवळपास सगळे प्रोग्राम जिथे असतात तो. एक स्पेस! २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेम्सच्या दुकानाचं लिनक्सवर असंच झालं. स्क्रिप्ट आधी स्वतःचा फोल्डर शोधून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि मग 'त्या फोल्डरमधलं सगळं उडव' म्हणायची. कुणी स्टीमचा फोल्डर हलवला की शोध फसायचा, व्हेरिएबल रिकामं राहायचं, आणि कमांडचा अर्थ व्हायचा: मुळापासून सगळं उडव. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच कॉमेंट टाकली होती, 'स्केअरी!' म्हणजे भीती वाटली होती, तरी ओळ तशीच ठेवली. (मी हसणार होतो, पण मला कुठला अधिकार.)

या दोन्हींवर उपाय जुनेच आहेत. कुठलीही कमांड फसली तर तिथेच थांब, हे सांगणारी एक ओळ शेलमध्ये आहे. न भरलेलं व्हेरिएबल दिसलं तर थांब, हे सांगणारीही आहे. व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं घाल, हा तर पहिल्या दिवसाचा धडा. २०१२ पासून शेलचेक नावाचं फुकट साधन आहे, ते अशा जागा बोट ठेवून दाखवतं.

दुसऱ्या भावंडाकडे वळू, हे थोडक्यात. सीएचरूटची भिंत कच्ची होती. आतला माणूस रूट असेल तर बाहेर पडू शकायचा. २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० सोबत 'जेल' आलं, एका होस्टिंग कंपनीच्या गरजेतून. मग सोलॅरिसचे झोन्स आले. लिनक्सवर गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये 'प्रोसेस कंटेनर्स' नावाचं काम सुरू केलं. नाव गोंधळाचं म्हणून त्याचं सीग्रुप्स झालं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी आणि किती सीपीयू द्यायचा हे त्याने ठरवता येऊ लागलं. त्यातल्या मेमरीच्या भागावर आयबीएमच्या बलबीर सिंग यांचं काम आहे. त्याच वर्षी एलएक्ससी आलं आणि पहिल्यांदा साध्या कर्नलवर, कसलाही पॅच न लावता, कंटेनर चालवता येऊ लागला.

आणि इथे भावंडं परत भेटतात! एलएक्ससीमध्ये नवा कंटेनर बनवायचा तर 'टेम्प्लेट' लागायचं, आणि टेम्प्लेट म्हणजे चक्क शेल स्क्रिप्ट. डेबियनची वेगळी, उबुंटूची वेगळी, प्रत्येकीची शैली वेगळी. पुढे त्या सांभाळणं इतकं जड झालं की २०१८ च्या ३.० आवृत्तीत त्या मुख्य प्रकल्पातून बाहेर काढल्या.

तुमच्यातले निम्मे आता म्हणतील, अरे, २०१३ मध्ये डॉकर आलं ना, मग कशाला ही जुनी रडगाणी? बरोबर आहे. पण डॉकरफाइल उघडून बघा. 'रन' या शब्दापुढे जे काही असतं ते शेलच. फरक एवढाच की डॉकरचा डबा आधीच भरून येतो, तर एलएक्ससीचा कंटेनर म्हणजे एक रिकामं छोटं घर. सामान आपण आत नेऊन लावायचं. प्रॉक्समॉक्सने २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीत, ओपनव्हीझेड सोडून एलएक्ससी घेतलं, आणि माझ्यासारख्या घरगुती सर्व्हरवाल्यांची अख्खी जमात याच रिकाम्या घरात सामान लावत बसली. प्रत्येकाची स्क्रिप्ट वेगळी, प्रत्येकाचा अपघात वेगळा.

यात शिस्त आणली ती टीटेक या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माणसाने. त्याच्या प्रॉक्समॉक्स हेल्पर स्क्रिप्ट्स जगभर वापरल्या गेल्या. प्रत्येक अ‍ॅपसाठी ठरलेल्या दोन फाइली. एक बाहेर, होस्टवर चालते: किती कोअर, किती मेमरी, किती डिस्क हे ठरवून कंटेनर उभा करते. दुसरी आत चालते आणि अ‍ॅप बसवते. एरर पकडणं, नेटवर्क तपासणं, संदेश दाखवणं ही सगळ्यांना लागणारी कामं सामायिक फाइलींमध्ये. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे बसवणं आणि अपडेट करणं हे दोन वेगळे रस्ते. अपडेट करताना आधी बघायचं की अ‍ॅप बसलेलं आहे का, कुठली आवृत्ती आहे, आणि मगच हात लावायचा.

२०२४ च्या अखेरीस आजारपणात टीटेक गेला. जाण्याआधी त्याने हे काम समुदायाच्या हाती दिलं होतं, आणि ते आजही चालू आहे. एका माणसाने लिहिलेल्या शेकडो स्क्रिप्ट परक्यांना पुढे नेता आल्या, कारण एक वाचली की दुसरी कशी असणार ते कळतं. मला यावरून आपला सातबारा आठवतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, रकाने ठरलेले. देवरीचा तलाठी बदलून गेला तरी नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी तो वाचू शकतो. माझी पन्नास ओळींची स्क्रिप्ट मलाच सहा महिन्यांनी वाचता आली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. या स्क्रिप्ट चालवायची रूढ पद्धत म्हणजे इंटरनेटवरून एक ओळ कॉपी करून थेट रूट म्हणून चालवणं. म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली. समुदाय कितीही चांगला असो, मी आता आधी फाइल उतरवून वाचतो. वेळ जातो, जाऊ दे.

असो. संक्रांतीला परत देवरीला गेलो तेव्हा मामांची स्क्रिप्ट नव्याने लिहून नेली होती. डेटाबेस आधीच असेल तर ती त्याला हात लावत नाही. अपडेट करायचं असेल तर आधी बॅकअप घेते, तो पेन ड्राइव्हवर पोचला का हे तपासते, नसेल तर तिथेच थांबते. काय केलं ते तारखेसह एका फाइलमध्ये लिहिते. मामांसमोर बसून मी ती पाठोपाठ तीनदा चालवली, आणि एकदा मधेच पीसीची वायर उपटून. दर वेळी मामा चष्मा वर करून यादीतलं पहिलं आणि शेवटचं नाव तपासत होते. चौथ्या वेळी म्हणाले, "राहू दे आता, चहा घे."

काउंटरवरची कच्ची वही अजून तिथेच आहे. आता तर तिच्यात रोजच लिहितात.