जनुक बरोबर, जागा चुकीची

जनुकसंपादनाच्या बातम्या वाचल्या, की मला पॅरिसचे नेकर रुग्णालय आठवते. काही बालके प्रतिकारशक्तीविनाच जन्मतात. साधा संसर्गही त्यांच्या जिवावर बेततो. १९९९मध्ये तिथे अशा बालकांवर नवा उपचार सुरू झाला. त्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत निरोगी जनुक घालायचे आणि पेशी परत सोडायच्या. बहुतेक बालकांत प्रतिकारशक्ती आली. जग हरखले.

मग २००२मध्ये पहिल्या बालकाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे उघड झाले. पुढे अशी चार बालके झाली, एक दगावले. जनुक बरोबर होते, पण ते गुणसूत्रावर कुठे बसेल, यावर कोणाचा ताबा नव्हता. बहुतेकांत ते कर्करोगाला चेतवणाऱ्या जनुकाशेजारी बसले होते.

आज क्रिस्परमुळे जागा निवडता येते. सिकलसेलवरील अशा उपचाराला ब्रिटनने २०२३मध्ये मान्यता दिली. तरी अशा रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. पॅरिसचा प्रयोग करायलाच नको होता, असे मी म्हणणार नाही. जुळणारा मज्जादाता नसलेल्या बालकांना थांबायला वेळ नव्हता. पण जनुक कापता येणे वेगळे आणि कापल्यावर काय काय होईल हे कळणे वेगळे.