डोळे उघडे, पण जागे कोण?

जयपूरहून आग्र्याच्या दिशेने सुमारे १०० किलोमीटर गेले की मेहंदीपूर बालाजीचे देवस्थान लागते. भूतबाधा उतरावी म्हणून उत्तर भारतातून माणसे येथे येतात. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या स्थानावर एक प्रकरण आहे. श्रद्धेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. ‘हे आपले माणूस नव्हे, आत दुसरेच कोणी आहे’ असे कुटुंबाला वाटायला लावणारे दृश्य कोणते असते, एवढेच पाहू.

त्यातले एक दृश्य अनेक घरांनी पाहिलेले असते. मूल झोपून तास-दोन तास होतात आणि ते किंकाळी फोडून उठून बसते. डोळे उघडे, अंग घामाने भिजलेले, छाती धडधडते. आई जवळ घेते तर तिलाच ढकलून देते. काही मिनिटांनी ते पुन्हा शांत झोपते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आजीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. मूल खरोखरच ‘तिथे’ नव्हते. चुकले ते कारण.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. १८७८ साली ग्लासगोच्या सायमन फ्रेझर याने रात्री एका हिंस्र श्वापदाशी झुंज दिली. जाग आली तेव्हा त्याला कळले की ते श्वापद म्हणजे त्याचेच दीड वर्षांचे मूल होते. मूल वाचले नाही. एडिंबरोच्या न्यायालयात ज्यूरीने त्याला त्या क्षणी भान नव्हते असे मानले. यापुढे एकटेच झोपण्याची हमी घेऊन त्याला सोडण्यात आले. ज्या काळी मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजता येत नव्हत्या, त्या काळी दिलेला हा निवाडा मला विलक्षण शहाणपणाचा वाटतो. झोपेचे शास्त्र ठाऊक नसतानाही त्याने दोष आणि धोका यांची फारकत केली.

१९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नेथनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे ‘रेम’ झोप नोंदवली. तिचे स्वप्नांशी नाते दिसताच झोपेत चालणारा माणूस स्वप्न जगत असावा हा जुना तर्क तपासता येऊ लागला. तो टिकला नाही. १९६५ साली रात्रभर घेतलेल्या ईईजी नोंदींत झोपेतले चालणे सुरू होताना दिसले ते संथ लहरींच्या गाढ झोपेतून. १९६८ साली रॉजर ब्राउटन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात झोपेतले चालणे आणि रात्रीच्या किंकाळ्या यांना अपुऱ्या जागृतीचे विकार म्हटले. पुढे २००० साली झोपेत चालणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतील रक्तप्रवाह प्रत्यक्ष टिपला गेला. खोलवरचे काही भाग जागे होते आणि विचार-विवेकाशी निगडित पुढचे भाग झोपलेले होते. भौतिकशास्त्रात वाढलेल्या मला येथे शून्य अंशावर एकत्र नांदणारे बर्फ आणि पाणी आठवतात. उपमा सैल आहे. पण झोप म्हणजे दिव्याचे बटण नव्हे, एवढे तिच्यातून कळते.

म्हणून मुलांच्या बाबतीत करायचे ते साधे आहे. त्यांना गदागदा हलवून उठवू नये; हळूच पुन्हा अंथरुणाकडे न्यावे. जागरण आणि ताप यांनी हे प्रकार वाढतात. घोरण्याचा त्रास असेल तर त्याचे उपचार करावेत. झटका रोज ठरावीक वेळी येत असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे मुलाला अलगद जागे करणे उपयोगी पडते. जयपूरसारख्या शहरात उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची रीत आहे. झोपेत चालणाऱ्याचे अंथरूण मात्र खालीच घालावे आणि दाराला कडी लावावी. बहुतेक मुलांचा हा त्रास वयाबरोबर सुटतो. एकाच रात्री पुन्हापुन्हा, तंतोतंत सारखे झटके येत असतील तर मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ती अपस्मारही असू शकते. मारहाण, साखळदंड, मिरचीची धुरी हे मात्र उपचार नव्हेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणे महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पन्नाशीनंतर सुरू होणारा प्रकार निराळा. रेम झोपेत शरीराचे स्नायू शिथिल केले जातात. फ्रान्समध्ये मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूस्तंभातील ठरावीक भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. १९८६ साली मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी माणसांत हेच नोंदवले: स्वप्नातला ठोसा शेजारी झोपलेल्या पत्नीला लागतो. येथे पलंगाभोवतीच्या टोकदार वस्तू हटवणे, जोडीदाराने काही काळ वेगळे झोपणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम घेणे हा मार्ग आहे. त्याच संशोधकांनी अशा २९ पुरुषांवर पुढे लक्ष ठेवले. १९९६ साली त्यांपैकी ३८ टक्क्यांत पार्किन्सनसदृश आजार दिसला होता. २०१३ साली, माग ठेवता आलेल्या २६ जणांपैकी २१ जणांना तो किंवा स्मृतिभ्रंश झालेला होता. आजोबा झोपेत हातपाय झाडतात, असे आपण हसून सांगतो. ही ओळ त्यांच्या केसपेपरवर लिहिली जायला हवी.