बियाणे, जमीन आणि रक्ताचा कर्करोग

माझे बालपण पनवेलजवळच्या एका खेड्यात गेले. नवी मुंबई अजून वसायची होती. घराबाहेर पाऊल टाकले की भातखाचरेच. उन्हाळा सरत आला की वडील शेताच्या एका तुकड्यावर शेण, पातेरा आणि गवत पसरून राब भाजत. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे आणि रोपे वाढली की लावणी करायची. ‘बियाणे कितीही चांगले असो, राब नीट भाजला नाही तर रोप धरत नाही,’ असे ते म्हणत. आज मला बोलायचे आहे ते रक्ताच्या कर्करोगाविषयी, म्हणजे ल्युकेमियाविषयी. पण त्याची गोष्टही बियाणे आणि जमीन यांचीच आहे.

शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मुलगा या रोगाने गेला. त्याची आई त्याला काढे, चाटणे, टॉनिके देत राहिली. ‘अंगात ताकद आली की रोग पळेल,’ असे तिला सगळ्यांनी सांगितले होते. तो गेल्यावर ‘माझेच काहीतरी कमी पडले’ हे त्या माउलीच्या मनातून कधी गेले नाही. खरेच तिचे काही कमी पडले होते का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्यकाने १८४५ साली एका रुग्णाचे रक्त पांढऱ्या पेशींनी भरलेले पाहिले आणि १८४७ मध्ये या रोगाला ‘ल्युकेमिया’, म्हणजे पांढरे रक्त, हे नाव दिले. पुढे १८६३ साली त्यानेच आणखी एक गोष्ट नोंदवली. कर्करोगाच्या गाठींमध्ये शरीराच्या पांढऱ्या पेशीही दिसतात. त्या तिथे लढायला आलेल्या असणार, असे कोणालाही वाटेल. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे पसरत नाही, काही अवयवांतच रुजतो, हे पाहून त्याने बियाणे आणि जमीन हाच दृष्टान्त दिला. माझ्या वडिलांना पॅजेट माहीत नव्हता, पण त्याचे म्हणणे त्यांना लगेच पटले असते.

तरीही पुढची अनेक वर्षे संशोधकांचे बहुतेक लक्ष बियाण्यावर, म्हणजे बिघडलेल्या पेशीवरच राहिले. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ साली तिथे कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या आणि त्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवणे आणि वाढवणे.

या काचेच्या भांड्यानेच पुढे एक कोडे घातले. शरीरात बेसुमार वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी बाहेर काढून एकट्या ठेवल्या की बहुधा लवकर मरतात. मँचेस्टरच्या मायकेल डेक्स्टर यांनी १९७७ साली दाखवले की, रक्ताच्या मूळ पेशी भांड्यात टिकवायच्या तर अस्थिमज्जेतल्या आधारपेशींचा थर आधी वाढवावा लागतो. पुढच्याच वर्षी रे स्कोफील्ड यांनी या आसऱ्याच्या जागेसाठी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ आपल्या मराठीत ‘कोनाडा’. समई कोनाड्यात सुरक्षित राहते, तशी मूळ पेशी.

मग ल्युकेमियाच्या पेशीला असा कोनाडा कोण देते? मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये आढळणाऱ्या, टी-पेशींच्या ल्युकेमियाबाबत याचे एक उत्तर २०१६ साली टेक्सासमधील लॉरेन एर्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. उंदरांतल्या गाठींमधून काढलेल्या या पेशी एकट्या मरत होत्या. त्यांच्या शेजारच्या डेंड्रायटिक पेशी सोबत ठेवल्या की त्या जगत होत्या. फांद्यांसारखे हात फुटलेल्या या डेंड्रायटिक पेशी रोगप्रतिकारक पेशीच. शत्रूची ओळख टी-पेशींना पटवणे हे त्यांचे नेहमीचे काम. इथे मात्र त्यांच्याकडून ल्युकेमियाच्या पेशीला वाढीचा इशारा पोचत होता. २०२० साली याच गटाने दाखवले की, उंदरांतल्या अशा मदतनीस पेशी कमी केल्या की रोगाचा भार घटतो आणि उंदीर अधिक जगतात. राखणदारच चोराला भाकरी पुरवत होता! फिरखोने पाहिलेल्या पेशी सगळ्याच लढायला आलेल्या नसतात.

आता पुन्हा पनवेलकडे येऊ. परळची ती संशोधन संस्था २००२ साली आमच्या पनवेल तालुक्यात, खारघरला आली. तिथेच ४ जून २०२१ रोजी भारतीय बनावटीचा कार-टी उपचार पहिल्या रुग्णाला देण्यात आला. मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून तो विकसित केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखायला शिकवून परत सोडतात. हा उपचार वेगळ्या, ‘बी’ नावाच्या पेशींच्या कर्करोगावर आहे आणि त्याचा रोख बियाण्यावर आहे. जमिनीवरचा उपचार, म्हणजे त्या भाकरी पुरवणाऱ्या पेशींना रोखणे, ही अजून संशोधनातली गोष्ट आहे.

आपण करोनाच्या काळापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे इतके ऐकले आहे की, ती डब्यातल्या तांदळासारखी मोजून वाढवायची वस्तू वाटू लागली आहे. तसे नाही. तीच पेशी एका जागी राखण करते, दुसऱ्या जागी रोगाला पोसते. किती यापेक्षा कोण, कुठे आणि कोणाच्या संगतीत, हे महत्त्वाचे. म्हणून घरात हा रोग आला तर काढ्यांत दिवस न घालवता रुग्णाला तज्ज्ञांकडे न्यावे. आणि ‘जमीन’ म्हटले म्हणून रुग्णाला किंवा त्याच्या आईला दोष देऊ नये. पेशींच्या या शेजारात तिच्या हातात काही नसते.

त्या माउलीला हे सांगायला आज ती नाही. तिच्यासारख्या दुसऱ्या कोणी हे वाचत असतील, तर त्यांना मात्र सांगतो: बाई, तुमचे काही कमी पडले नव्हते.

(संपादित नभोवाणी भाषण)