निवृत्त पोलिसाचे पिस्तूल आणि परवान्यातला न्याय

अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादाबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले जाते. शाळेत गोळीबार झाला की आठवडाभर चर्चा होते. तीत एकीकडे बंदुकीवर बंदी मागणारे असतात, दुसरीकडे घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीचा दाखला देणारे. या दोघांच्या मधे उभा असलेला एक माणूस सहसा नजरेत येत नाही. तो म्हणजे निवृत्त पोलीस. त्याला पिस्तूल कपड्याखाली लपवून रस्त्यावर फिरू द्यावे का? द्यायचे, तर मग इतरांना का नाही? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला असे दिसले की भांडण शस्त्राचे कमी आहे आणि 'नाही' म्हणण्याच्या अधिकाराचे जास्त.

आपल्याकडे पोलीस निवृत्त झाला की सरकारी शस्त्र जमा करतो. पुढे स्वतःचे शस्त्र हवे असेल तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली इतर नागरिकांसारखाच परवान्याचा अर्ज करतो. अमेरिकेत बंदूक विकत घेणे त्या मानाने सोपे आहे. तिथे खरा पेच आहे तो ती अंगावर लपवून घराबाहेर नेण्याचा. अनेक राज्यांत त्यासाठी वेगळा परवाना लागे, काही राज्यांत आजही लागतो.

या परवान्याची सर्वांत गाजलेली पद्धत न्यूयॉर्कची. जानेवारी १९११मध्ये डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराचा भर शहरात गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी राज्याच्या सिनेटचे सदस्य टिमोथी सुलिव्हन यांच्या पुढाकाराने नवा कायदा आला. विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा ठरला. १९१३च्या दुरुस्तीने शस्त्र घेऊन फिरायचे असेल तर 'योग्य कारण' दाखवण्याची अट घातली. कारण योग्य आहे की नाही हे ठरवणार परवाना देणारा अधिकारी, आणि न्यूयॉर्क शहरात परवाना देणारे खाते म्हणजे पोलीस खाते. हा कायदा मोडल्याबद्दल सुरुवातीलाच शिक्षा झालेल्यांत एक इटालियन कामकरी होता. 'ब्लॅक हँड' नावाच्या खंडणीखोर टोळ्यांच्या भीतीने आपण रिव्हॉल्व्हर बाळगतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याला तुरुंगात जावे लागले.

दक्षिणेतल्या राज्यांत चित्र याहून उघडे होते. फ्लोरिडाने १८९३मध्ये परवान्याचा कायदा केला. १९४१मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले एक न्यायमूर्ती, रिव्हर्स ब्युफोर्ड, यांनी निकालपत्रात लिहून ठेवले की हा कायदा लाकूड आणि टर्पेंटाइनच्या छावण्यांतल्या काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता. तो गोऱ्यांना लावायचा हेतूच नव्हता. हे वाचताना मला आपला १८७८चा शस्त्र कायदा आठवला. लिटनच्या राजवटीत तो आला तेव्हा हिंदी माणसाला परवाना लागे आणि युरोपियनाला सूट मिळे. कायदा एकच, पण कोणाला लावायचा हे माणूस बघून ठरायचे.

३० जानेवारी १९५६ रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होती. त्यानंतर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. पुढे ते अहिंसेच्या मार्गावर ठाम झाले, ही गोष्ट निराळी. पण ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याची गरज अधिकाऱ्यांना पुरेशी वाटली नाही, ही त्या परवाना पद्धतीची नोंद आहे.

१९८७मध्ये फ्लोरिडानेच उलट वाट धरली. ठरलेल्या अटी पूर्ण करील त्याला परवाना द्यायचाच, असा नियम तिथे आला आणि तो एकेक करत बहुतेक राज्यांत पसरला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई ही राज्ये मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीला धरून राहिली.

निवृत्त पोलिसाची अडचण इथे सुरू होते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. पंचवीस वर्षे नोकरी करून माणूस मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेला की तिथे तो अनोळखी अर्जदार. पोलिसांच्या संघटनांचा, विशेषतः 'फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस'चा, युक्तिवाद असा होता की ज्यांना त्याने तुरुंगात धाडले ते त्याच्या निवृत्तीची तारीख पाहून वैर सोडत नाहीत. या युक्तिवादात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. नोकरी संपते, पण नोकरीने दिलेले शत्रू तसेच राहतात.

२२ जुलै २००४ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 'लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट'वर सही केली. सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर लपवून शस्त्र बाळगता येईल, असे या कायद्याने ठरवले. निवृत्तासाठी अटी होत्या. किमान १५ वर्षांची सेवा, नोकरी निष्कलंकपणे सोडलेली, खात्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, दरवर्षी स्वखर्चाने नेमबाजीची चाचणी, आणि शस्त्र जवळ असताना दारूच्या अमलाखाली नसणे. २०१०मध्ये सेवेची अट १० वर्षांवर आली. गंमत अशी की पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच या कायद्याला विरोध केला होता. शिपायांची संघटना एका बाजूला, साहेबांची दुसऱ्या.

त्याच्या दीड वर्ष आधी नवव्या विभागीय अपील न्यायालयाने नेमकी उलटी दिशा दाखवली होती. कॅलिफोर्नियाने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली, पण निवृत्त पोलिसांना सूट दिली. 'सिल्व्हेरा विरुद्ध लॉकियर' खटल्यात न्यायालयाने डिसेंबर २००२मध्ये बंदी कायम ठेवली आणि ती सूट मात्र रद्द केली. सेवेतल्या पोलिसाला सूट देण्यामागे कारण आहे; निवृत्ताला ती देण्याचे कारण कायद्याच्या उद्देशाशी जुळत नाही, असा तो निकाल होता. समान वागणुकीचे तत्त्व निवृत्त पोलिसाच्या विरोधात गेलेला हा महत्त्वाचा दाखला.

मग आले २०२२. २३ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची 'योग्य कारणा'ची अट घटनाबाह्य ठरवली. या खटल्यात ब्राँक्समधल्या गरिबांचे खटले लढणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलांनीही अटीविरुद्ध निवेदन दिले होते. विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगात जाणारे आमचे अशील बहुतांशी काळे आणि लॅटिनो आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. एरवी बंदुकीच्या समर्थकांच्या रांगेत हे वकील कधी दिसले नसते.

न्यूयॉर्कने काही दिवसांतच नवा कायदा केला. टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, उद्याने, नाट्यगृहे, मशिदी, चर्च, सिनेगॉग अशी लांबलचक यादी करून तिथे परवानाधारकालाही शस्त्र नेण्यास मनाई केली. केंद्राच्या कायद्यात बसणाऱ्या निवृत्त पोलिसांना मात्र या मनाईतून सूट दिली. म्हणजे मशिदीचा विश्वस्त परवाना असूनही स्वतःच्या मशिदीत पिस्तूल नेऊ शकत नव्हता, पण नमाजाला आलेला निवृत्त पोलीस नेऊ शकत होता. प्रार्थनास्थळांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना पुढे २०२३मध्ये सूट मिळाली.

शेजारच्या न्यू जर्सीत तक्रार उलट्या बाजूने आली. तिथे निवृत्त पोलिसांना राज्याकडे दरवर्षी वेगळा अर्ज करावा लागे आणि वयाच्या ७५ वर्षांनंतर हा परवाना मिळत नसे. सामान्य नागरिकाच्या परवान्याला अशी वयोमर्यादा नव्हती. फेब्रुवारी २०२४मध्ये तिसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने सांगितले की केंद्राचा कायदा वरचढ आहे आणि त्याच्या अटी पाळणाऱ्या निवृत्ताला राज्य अडवू शकत नाही.

इथपर्यंतचा इतिहास वाचून निवृत्त पोलीस हा लाडका वर्ग आहे, असे वाटेल. पण त्याच्यातही दोन रांगा आहेत. केंद्राचा कायदा ओळखपत्रावर टिकून आहे आणि ओळखपत्र देणार जुने खाते. ते दिलेच नाही तर? फ्लोरिडातल्या नेपच्यून बीच शहराने आपल्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याला ते नाकारले. २०१९मध्ये अकराव्या विभागीय न्यायालयाने सांगितले की या कायद्याखाली शहराकडून ओळखपत्र मागण्याचा हक्क कोर्टातून मिळवता येत नाही. उलट राजधानी वॉशिंग्टनच्या चार निवृत्त तुरुंग अधिकाऱ्यांना २०१६मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दाद मागू दिली. त्यांच्या खात्याचे म्हणणे होते की त्यांना अटकेचे अधिकारच नव्हते, म्हणून ते या कायद्यात बसत नाहीत. आयुष्य कैद्यांमध्ये काढलेल्या माणसांना आपण कोण होतो हे न्यायालयात सिद्ध करावे लागले.

मला इथे परवान्याचा जुना दोष परत दिसतो. १९१३मध्ये पोलीस खाते नागरिकाची गरज तोलत होते. आता तेच खाते आपल्या माजी माणसाला कार्ड द्यायचे की नाही ते ठरवते. वरिष्ठांशी खटके उडालेला, तक्रारी केलेला शिपाई निवृत्तीनंतर त्याच खिडकीपुढे उभा राहतो, जिच्या आतल्या बाजूला तो एकेकाळी बसत असे.

म्हणून निवृत्त पोलिसाला सूट असावी की नसावी, यापेक्षा ती कशासाठी आहे हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. वार्षिक चाचणी, दारूबंदी, स्वच्छ नोंद या अटी तपासता येतात. त्या पूर्ण करणाऱ्याला सवलत मिळणे न्याय्य आहे. पण धोका हेच कारण असेल, तर रात्रपाळी करून एकट्याने घरी परतणाऱ्या कामगाराचा आणि साक्ष दिल्यामुळे धमक्या येणाऱ्या बाईचा धोकाही त्याच काट्यावर तोलला पाहिजे. आणि नकार द्यायचा असेल तर त्याचे कारण लेखी मिळाले पाहिजे, वर अपील करता आले पाहिजे. माँटगोमेरीतल्या त्या पाद्र्याचा अर्ज असो की वॉशिंग्टनच्या निवृत्त जेलरचा, दोघांनाही एवढे मागण्याचा हक्क होता.