झोप आणि गुंगी : निद्रेच्या औषधांचा एक इतिहास

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर, भोकर आणि किनवट यांच्या दरम्यान हिमायतनगर लागते. गावाचे जुने नाव वाढोणा. पैनगंगेपलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगण; त्यामुळे इथल्या बाजारात मराठीच्या जोडीला दखनी आणि तेलुगूही कानावर पडते. या गावातले एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. पत्नीच्या निधनानंतर त्यांना दहा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून देण्यात आली होती. दहा दिवसांची ती चिठ्ठी तीन वर्षे चालली. "सर, गोळीने झोप लागते ना?" असे मी एकदा विचारले. भाषेचा विषय आयुष्यभर शिकवलेल्या त्या माणसाने शब्द तोलून उत्तर दिले, "झोप लागत नाही. गुंगी येते. झोप निराळी."

निद्रेच्या औषधांचा इतिहास वाचताना हे उत्तर मला वारंवार आठवत राहिले. मराठीने हा भेद किती काटेकोरपणे जपला आहे, हे पाहण्यासारखे आहे. झोप लागते आणि पुरी होते. गुंगी चढते आणि उतरावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती भूल. तिलाही आपण झोप म्हणत नाही. हिमायतनगरच्या बाजारातल्या इतर दोन भाषाही हा भेद ओळखतात. दखनीत नींद वेगळी, नशा वेगळा; तेलुगूत निद्र वेगळी, मत्तु वेगळा. औषधाच्या वेष्टनावर मात्र हे सारे 'झोप' या एकाच शब्दात कोंबले जाते. झोपेचे औषध निवडताना माणसे जिथे जिथे चुकली, तिथे बहुधा गुंगीला झोप समजण्याची चूकच मुळाशी होती, असे माझे मत आहे.

प्राचीन वैद्यकापासून आरंभ करू. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात निद्रेचे प्रकार सांगितले आहेत. श्रमाने येणारी, रोगामागून येणारी आणि रात्रीच्या स्वभावानेच येणारी निद्रा यांत तेथे फरक केला आहे. झोप न येणाऱ्यासाठी सुचवलेल्या उपायांची यादी वाचली की आज आश्चर्य वाटते: अंगाला तेल, स्नान, दूध, दहीभात, अंग चेपणे, सुखद शय्या, मनाला रुचणारे गंध आणि शब्द. मद्याचा उल्लेख त्यात आहे, पण अनेकांतला एक म्हणून. झोप आणणाऱ्या पदार्थांत अग्रस्थान मात्र म्हशीच्या दुधाला दिले आहे. हे उपाय झोपेसाठी वाट मोकळी करतात. ती ओढून आणत नाहीत.

चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत अफू नाही. ती भारतीय वैद्यकात पुढे आली. शार्ङ्गधरसंहितेत तिचा औषधी उपयोग आढळतो. 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, हे तिचे संस्कृत नाव अरबी 'अफ्यून'वर चढवलेला संस्कृत पेहराव असल्याचे सामान्यतः मानले जाते. पेहराव देशी झाला तरी परिणाम बदलला नाही. त्याचा सर्वांत करुण अध्याय मुंबईच्या गिरणगावात घडला. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल निपचित पडून राही. 1931 साली अहवाल देणाऱ्या भारतातील श्रमविषयक शाही आयोगानेही या प्रथेची दखल घेतली. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण मुलाला सांभाळायला कोणी नाही आणि खाडा केला तर मजुरी बुडते, अशा पेचात ती गोळी निवडली जात होती. मुलाला झोपेची गरज नव्हती. आईला कामाची होती. गुंगीचे औषध कोण घेतो आणि त्याची सोय कोणाला होते, ही दोन माणसे पुष्कळदा वेगळी असतात. घरातल्या वृद्धाला रात्री शांत ठेवण्यासाठी गोळी मागितली जाते तेव्हा हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

हिमायतनगर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथे याच सुमाराच्या काही दशके आधी गुंगीवर एक मोठा वाद झाला. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 मध्ये तेथे दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजाम सरकारने पैसे दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. श्वासावर लक्ष ठेवले तर हृदयाला धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. शांत दिसणाऱ्या देहाच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून कळतेच असे नाही. झोपेच्या गोळ्यांच्या पुढच्या इतिहासात हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

तो इतिहास थोडक्यात असा. 1869 मध्ये बर्लिनच्या लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आणले. 1903 मध्ये बार्बिटल आले, 1912 मध्ये फिनोबार्बिटल. ही औषधे प्रभावी होती. पण सवय लावणारी होती, आणि गुण देणारी मात्रा व प्राण घेणारी मात्रा यांतले अंतर धोकादायक इतके कमी होते. मग सुरक्षित गोळीचा शोध सुरू झाला. 1957 मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले ते शांत झोपेचे निर्धोक औषध म्हणून, चिठ्ठीशिवाय मिळणारे. गर्भवती स्त्रियांनीही ते घेतले. 1961 च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले तोवर हजारो मुले अवयवांच्या व्यंगांसह जन्मली होती. 'निर्धोक' हा शब्द किती जपून वापरावा, हे जगाने त्या मुलांकडून शिकले.

रसायनांवरचा विश्वास असा डळमळला की माणूस वनस्पतीकडे वळतो. आपल्याकडे ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. युनानी हकिमांची असरोल. उन्माद आणि निद्रानाश यांवर ती पूर्वापार दिली जाई. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी 1931 मध्ये तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाला अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या वैद्यकीय उपयोगाचा लेख प्रसिद्ध केला. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवले, की ती उच्च रक्तदाब कमी करते. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

ही कथा अभिमानाची खरीच; पण तिची दुसरी बाजू अभ्यासकाने सोडू नये. झोपेसाठी घेतलेले मूळ रक्तदाबही उतरवते, हे वकिलांच्याच कामातून सिद्ध झाले. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खोल उदासीनतेच्या नोंदी 1950 च्या दशकातच झाल्या. 'झाडपाल्याचे आहे, काय होणार?' हे वाक्य म्हणूनच 'नवीन आहे, काय होणार?' या वाक्याइतकेच भाबडे आहे.

1960 च्या दशकात क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, नायट्राझेपाम ही बेन्झोडायझेपिने आली. बार्बिट्युरेटांपेक्षा ती नक्कीच सुरक्षित होती, आणि म्हणूनच ती सैल हाताने लिहिली गेली. 1988 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ती दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला दिला. त्यानंतरचे झोल्पिडेमही अपवाद ठरले नाही. 2013 मध्ये अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्मी करण्यात आली. 2019 मध्ये झोपेतच चालणे, वाहन चालवणे अशा प्रकारांबद्दल कडक इशारा जोडला गेला. भारतात 2014 पासून अशा गोळ्या अनुसूची एच-1 मध्ये आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची नोंद दुकानदाराने करायची आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे.

मग शोकाच्या, परीक्षेच्या, आजारपणाच्या चार रात्री झोप येत नसेल, तर गोळी घेऊच नये काय? इतिहास असे म्हणत नाही. थोड्या दिवसांसाठी, लहानात लहान मात्रेत, थांबण्याचा दिवस आधी ठरवून डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने माणूस सावरतो. मद्यासोबत ती घातक ठरू शकते आणि वृद्धांना तिने तोल जाण्याचा धोका अधिक. निद्रानाश महिनोन्महिने टिकला, तर आधी गोळी न देता विचार आणि सवयी बदलणारे उपचार द्यावेत, असे 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही सांगितले. ठरलेल्या वेळी उठणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, 'झोप आलीच पाहिजे' हा धाक सोडणे, हे त्या उपचारांचे सार. चरकाच्या यादीहून त्याचा तपशील निराळा. पण झोपेची वाट मोकळी करण्याचा विचार तोच.

सरांनी गोळी एकदम बंद केली नाही; तशी ती करूही नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने मात्रा थोडी थोडी उतरवत नेली. मधल्या काळात पुष्कळ रात्री जागून गेल्या. त्या रात्रींविषयी बोलताना ते म्हणाले, की पत्नीच्या जाण्याचे दुःख तीन वर्षे गुंगीखाली तसेच पडून होते, ते आत्ता कुठे समोर आले. अलीकडे भेटले तेव्हा मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "कमी लागते," ते म्हणाले, "पण लागते."