औषधांची अस्फटिकी घन अपस्करणे : स्थैर्य व स्फटिकीभवन

पाण्यात अत्यल्प विरघळणारे औषध एखाद्या बहुवारिकात रेणूंच्या पातळीवर विखरून व त्याचे स्फटिक बनू न देता मिळविलेल्या घन पदार्थास अस्फटिकी घन अपस्करण म्हणतात. स्फटिकातील रेणू ठराविक क्रमाने घट्ट रचलेले असतात व विरघळताना ही रचना मोडण्यासाठी ऊर्जा खर्च होते. अस्फटिकी पदार्थात अशी रचनाच नसल्याने तो लवकर व अधिक प्रमाणात विरघळतो. मात्र त्याची जी जादा ऊर्जा या कामी उपयोगी पडते, तीच रेणूंना पुन्हा स्फटिकाकडे ओढते. त्यामुळे या पद्धतीचा इतिहास बव्हंशी स्फटिकीभवन लांबविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

अस्फटिकी रूपाचे गुण व दोष नोव्होबायोसीन या प्रतिजैव औषधात प्रथम स्पष्टपणे दिसून आले. त्याचे अस्फटिकी रूप स्फटिकी रूपापेक्षा सुमारे दहापट विद्राव्य असून तेच शरीरात शोषले जाते. परंतु पाण्यातील निलंबनात ठेवल्यास त्याचे हळूहळू स्फटिक बनून औषध निष्प्रभ होते. मेथिल सेल्युलोज मिसळल्यास हे रूपांतर रोखता येते, असे मलिन्स व मेसेक यांनी १९६० मध्ये दाखविले. बहुवारिकाचे हे कार्य पुढील सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे. १९६१ मध्ये जपानमध्ये सेकिगुची व ओबी यांनी सल्फाथायाझोल व यूरिया एकत्र वितळवून थिजविले. या कार्यापासून घन अपस्करणांचा आरंभ मानतात; तथापि त्यांच्या मिश्रणातील औषध अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपात होते. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन या बहुवारिकातील खरी अस्फटिकी अपस्करणे १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात अभ्यासली गेली. प्रयोगशाळेत यश मिळूनही बाजारात आलेली औषधे दीर्घकाळ मोजकीच होती. नॅबिलोन (१९८५) व इट्राकोनाझोल (१९९२) ही त्यांतील ठळक होत.

या विलंबाचे प्रमुख कारण साठवण हे होते. अस्फटिकी पदार्थ काचसंक्रमण तापमानाखाली काचेसारखा ताठर असतो व त्याच्या वर रेणूंची हालचाल झपाट्याने वाढते. इंडोमेथॅसीन या औषधाचे हे तापमान सुमारे ४२° से. आहे. हॅनकॉक, शॅम्बलिन व झोग्राफी यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, या तापमानाच्या सुमारे ५०° से. खाली गेल्यावरच रेणूंची हालचाल औषधाच्या साठवणकाळाच्या मानाने नगण्य होते. म्हणजे शुद्ध इंडोमेथॅसीन शून्याखाली ठेवावे लागेल ! उच्च काचसंक्रमण तापमानाचे बहुवारिक मिसळून ही अडचण कमी करता येते. शिवाय औषध व बहुवारिक यांच्यात हायड्रोजन बंध निर्माण झाल्यास औषधाचे रेणू एकमेकांशी जुळू शकत नाहीत. पाणी मात्र याच्या नेमके उलट कार्य करते. हवेतील बाष्प शोषले गेले की, काचसंक्रमण तापमान उतरते, काही मिश्रणांत औषध व बहुवारिक वेगळे होतात आणि औषधसमृद्ध भागात स्फटिककेंद्रे निर्माण होतात. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन स्वतःच आर्द्रताशोषक असल्याने दमट हवेत त्याचा गुणच दोष ठरतो. पृष्ठभागावरील रेणू अधिक मोकळे असतात. त्यामुळे स्फटिकांची वाढ तेथे अंतर्भागापेक्षा पुष्कळ जलद होते व पातळ लेपाने ती रोखता येते, हे २००७ मध्ये इंडोमेथॅसिनावर सिद्ध झाले.

स्फटिकीभवनाचे गांभीर्य औषध उद्योगास पटले ते रिटोनाव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधामुळे. ते अस्फटिकी अपस्करण नव्हते. १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या त्याच्या कॅप्सूलांत औषध विरघळलेल्या स्थितीत असे. त्याचे एकच स्फटिकरूप ज्ञात होते व त्या रूपाच्या मानाने कॅप्सूलातील विद्राव सुरक्षित होता. १९९८ मध्ये कॅप्सूलांतून अचानक एका नव्या, अधिक स्थिर व फार कमी विद्राव्य रूपाचे स्फटिक बाहेर पडू लागले. जुन्या रूपास जो विद्राव असंतृप्त, तोच नव्या रूपास अतिसंतृप्त ठरला. नव्या रूपाचे सूक्ष्म कण जेथे पोहोचले, तेथे जुने रूप तयार करणेही कठीण झाले. कॅप्सूलांचा पुरवठा थांबवावा लागला व ज्यांचे जीवित या औषधावर अवलंबून होते, अशा रुग्णांना बेचव द्रवरूप औषध घ्यावे लागले. १९९९ मध्ये आलेल्या मऊ कॅप्सूलाला शीतकपाटाची गरज असे.

यावरील पुढचा उपाय अस्फटिकी अपस्करणानेच मिळाला. लोपिनाव्हिर व रिटोनाव्हिर ही औषधे कोपोव्हिडोन या बहुवारिकाबरोबर तापवून, मळून व दाबाने बाहेर काढून केलेली गोळी २००५ मध्ये अमेरिकेत संमत झाली. दररोजच्या सहा कॅप्सूलांऐवजी चार गोळ्या पुरू लागल्या व शीतकपाटाची गरज उरली नाही. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या उष्ण देशांत हा फरक मोठा होता. केवळ रिटोनाव्हिरची अशीच गोळी २०१० मध्ये आली. ज्या औषधाचे स्फटिक विद्रावातही आवरता आले नव्हते, ते ऊष्मागतिकीच्या दृष्टीने अधिक अस्थिर अशा घनरूपात टिकले. कारण तेथे रेणूंची गतीच बंद पडते.

अपस्करणाचे स्थैर्य पारखताना गोळ्या सामान्यतः ४०° से. तापमान व ७५ टक्के आर्द्रता अशा स्थितीत सहा महिने ठेवून क्ष-किरण विवर्तनाने तपासतात. या पद्धतीस अत्यल्प प्रमाणातील स्फटिक दिसत नाहीत. तसेच काचसंक्रमण तापमानाजवळ घेतलेल्या चाचणीवरून नेहमीच्या साठवणीतील वर्तनाचा अंदाज सरळ बांधता येत नाही. म्हणून जलद चाचणीबरोबर नेहमीच्या तापमानास दीर्घकालीन साठवणही करावी लागते आणि तिला जितकी वर्षे लागतात, तितकी लागतातच.